उसनं ऊन

बाबांनी घर मे महिन्यात पसंत केलं, ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी चूक. तसं तोंडावर कुणी म्हणत नाही. पण थंडीच्या दिवसांत आई शालीवर शाल घेऊन स्वयंपाकघरात शिरते, तेव्हा बाबा वर्तमानपत्र जरा उंच धरतात.

घर बघायला मीही गेले होते. नोएडाच्याही पलीकडे, जिथे रस्ता झाला होता पण रस्त्याला अजून नाव नव्हतं, अशा जागी नवे टॉवर उभे राहिले होते. बाहेर लू, उत्तरेकडचा तो भाजणारा वारा, चालली होती. बिल्डरचा माणूस आम्हाला एकेक फ्लॅट दाखवत होता. वरच्या मजल्यांवरचे फ्लॅट भट्टीसारखे तापलेले. बाबा दारातूनच मागे फिरायचे. मग त्याने आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेलं. घराचं तोंड उत्तरेला, समोर एक टॉवर, बाजूला दुसरा. दार उघडलं आणि माठाजवळ असते तशी गार हवा अंगावर आली.

"सर, यहाँ धूप आएगी ही नहीं," तो माणूस अभिमानाने म्हणाला.

बाबांनी भिंतीला तळहात लावून पाहिला. मग आईने लावला. मग मी. आम्ही तिघं एका रिकाम्या खोलीत भिंतीला हात लावून उभे होतो, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

"बिल्कुल हेच," बाबा म्हणाले.

त्या माणसाने आम्हाला फसवलं असं म्हणता येणार नाही. तो जे बोलला ते अक्षरशः खरं निघालं.

त्याआधी आम्ही लक्ष्मीबाई नगरात राहायचो. बाबांची केंद्र सरकारची नोकरी, तळमजल्यावरचं क्वार्टर, मागे अंगण आणि तारेचं कुंपण. दिल्लीच्या हिवाळ्यात घराच्या आत बाहेरपेक्षा जास्त थंडी असते. त्यामुळे दुपार झाली की सगळी वसाहत अंगणात यायची. मटार सोलणं, मेथी निवडणं, केस वाळवणं, मुलांचे पाढे, सगळं उन्हात. आमच्या एका बाजूला ओडिशाचं कुटुंब होतं, दुसऱ्या बाजूला गढवालचं. बायका आपापल्या हिंदीत तासन्‌तास बोलायच्या आणि एकमेकींचं अर्धंच समजलं तरी कुणाचं काही अडायचं नाही. मी आईच्या पाठीशी पुस्तक घेऊन बसायचे. शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी, घरात मराठी. तिन्ही भाषांत मी सारखीच गप्प असायचे. ऐकायचे मात्र सगळं.

आईकडे उन्हासाठी जेवढे शब्द होते तेवढे माझ्याकडे कशासाठीच नव्हते. कोवळं ऊन, चढतं ऊन, उतरतं ऊन, उन्हाची तिरीप, कवडसा. माझ्याकडे 'धूप' होतं आणि इंग्रजीतला एक शब्द.

त्या अंगणातली दुसरी गोष्ट म्हणजे उसनं. विरजण, वाटीभर साखर, इस्त्री, पाहुणे जास्त झाले तर खाटसुद्धा. कुंपणावरून वाटी जायची आणि परत येताना कधी रिकामी यायची नाही. आईचा याबाबत एक नियम होता आणि तो ती आम्हाला वारंवार ऐकवायची: जे परत करता येणार नाही ते उसनं मागू नये.

बाबा निवृत्त झाले तेव्हा आमच्या आजूबाजूची क्वार्टर्स पाडायला सुरुवात झालीच होती. तिथे उंच इमारती होणार होत्या. आईला ते बघवत नसे. बाबा मात्र फायलीवर शेरा मारावा तसे शांतपणे म्हणायचे, "माणसं वाढली, जमीन तेवढीच आहे. मग घरं एकमेकांच्या डोक्यावरच चढणार. यात दोष कुणाचा?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आपणही कुणाच्या तरी डोक्यावर किंवा कुणाच्या तरी उन्हात राहायला चाललो आहोत, हे तेव्हा आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

नव्या घरातला पहिला उन्हाळा खरोखर छान गेला. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीला हात लावून बघायला सांगायचे. नंतर दिवाळी झाली, हवा धुरकट झाली, आणि डिसेंबर आला.

त्या घरात ऊन येत नाही म्हणजे कुठूनच येत नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. फरशी बर्फासारखी. धुतलेले कपडे तीन-तीन दिवस ओले राहायचे आणि त्यांना कुबट वास यायचा. आईची बोटं सकाळी उठल्यावर वळेनाशी झाली. पोळी लाटताना ती मध्येच थांबायची, तव्यावर हात शेकायची आणि परत लाटायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तपासणी सांगितली आणि वर म्हणाले, "धूप में बैठा कीजिए."

"गोळ्या घे ना नीट," बाबा म्हणायचे.

"ऊन काय गोळीत मिळतं होय?" आई म्हणायची.

खाली सोसायटीच्या आवारात ऊन पडायचं, नाही असं नाही. दोन टॉवरच्या फटीतून एक पट्टा यायचा, तो पाहुण्यांच्या पार्किंगवरून सरकत जनरेटरपर्यंत जायचा आणि संपायचा. आठ टॉवरमधली सगळी थंडी तिथे जमलेली असायची. तेल लावलेली बाळं, माकडटोप्या घातलेले आजोबा, लोणच्याच्या बरण्या, आणि मध्ये मध्ये गाड्या. आई एकदा खुर्ची घेऊन गेली आणि थोड्या वेळात खुर्चीसकट परत आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. पंगतीत उशिरा गेल्यासारखं वाटतं. कुणी उठतंय का बघत उभं राहायचं. मला नाही जमत."

उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे टँकर येतात. बोअरची पातळी खाली गेली की सोसायटीच्या ग्रुपवर हमरीतुमरी होते, कोण गाडी धुतो, कोण टाकी वाहू देतो यावर. उन्हावरून मात्र कुणी भांडत नाही. ते कमी पडू शकतं असं कुणाला कधी वाटलेलंच नसतं.

एका संध्याकाळी आईचं मावशीशी फोनवर बोलणं झालं. मावशी नागपूरला असते. तिच्या घराला गच्ची आहे, गच्चीवर एक रिकामी खोली आहे, आणि ऊन इतकं आहे की ते लागू नये म्हणून त्यांनी हिरवं कापड बांधलंय. फोन ठेवून आई म्हणाली, "संक्रांत झाली की मी नागपूरला जाते. होळीपर्यंत राहीन. मग बघू."

ते 'बघू' माझ्या लक्षात राहिलं. आई गोष्टी ठरवते, बघत नाही.

"जा की," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतः मोबाईलवर तिकीट काढलं. लोअर बर्थ, एका माणसाचं, जातानाचं. मावशीने दोघांना बोलावलं होतं, पण बाबा म्हणाले, "घर कोण बघणार?" घर बघायला मी होते. मी तेव्हा घरूनच काम करायचे, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन. पण बाबांना या घराला एकटं टाकायचं नव्हतं, कारण ते त्यांनी निवडलं होतं. आईलाही ते कळत होतं. त्यामुळे दोघं एकमेकांशी फार नम्रपणे वागायला लागली. आमच्या घरात कुणी नम्र झालं की मला भीती वाटते.

ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा डिसेंबर संपत आला होता. सकाळचा चहा झाला होता. मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी, ताटाएवढं ऊन पडलं होतं. मला वाटलं आईने दिवा लावलाय. आईला वाटलं मी लावलाय. मग तिने त्यात हात धरला.

"गरम आहे गं," ती हळूच म्हणाली. जोरात बोललं तर उडून जाईल अशा आवाजात. मग तिने बाबांना हाक मारली, "अहो, इकडे या जरा."

बाबांनीही हात धरला. मीही. परत आम्ही तिघं एका जागी हात लावून उभे.

बाबा लगेच टोपी घालून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ मान वर करून उभे राहिले. आयुष्यभर कुठला कागद कुणाच्या टेबलावरून आला हे शोधण्यात गेलेला माणूस तो. आत येऊन म्हणाले, "समोरच्या टॉवरचा दहावा मजला. त्यांच्या बाल्कनीला काचेचं दार आहे, ते अर्धवट उघडं असतं. फटीतून ऊन त्या काचेवर पडतं, आणि काचेवरून आपल्याकडे."

"म्हणजे त्यांचं आहे," आई म्हणाली.

"आपल्याकडे आलंय तोवर आपलं."

"याला कवडसा म्हणतात का?" मी विचारलं.

आईने विचार केला. "कवडसा फटीतून येतो. हा काचेवरून आलाय. हा उसना आहे."

त्यानंतर आमची सकाळ त्या उन्हाभोवती लागायला लागली. चहा झाला की ते यायचं आणि कुकर होईस्तोवर निघून जायचं. आधी ओट्यावर, मग पोळपाटाच्या जागेवर, मग फ्रिजच्या दारावर चढायचं. आई स्टूल घेऊन त्याच्याबरोबर सरकायची. बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. मटार तिथेच सोलायची, एक शेंग उन्हात, एक शेंग सावलीत, असं चाललेलं. बाबा दारात उभे राहून बघायचे आणि काही काम नसताना पाणी प्यायचे.

कधी समोर कुणीतरी ते दार हलवायचं. मग आमचं ऊन एकदम उडी मारून छताला चिकटायचं, नाहीतर खालच्या मजल्यावर निघून जायचं. एकदा बाबा बंद खिडकीतून, मराठीत, दहाव्या मजल्याला ओरडले, "अहो, हलवू नका हो!"

आई हसली. बऱ्याच दिवसांनी. "ऐकू गेलं बरं का त्यांना," ती म्हणाली.

मला वाटायला लागलं होतं की आई तिकिटाचं विसरेल. पण संक्रांत आठवड्यावर आली आणि ऊन यायचं थांबलं. धुकं नव्हतं. आकाश दिल्लीच्या मानाने स्वच्छ होतं. बाबांनी बाहेर जाऊन पाहिलं. "दार बंद आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी बाबा बाल्कनीत गेलेच नाहीत.

आईने लॉफ्टवरून बॅग काढायला लावली. तीळ भाजले, दाणे भाजले, गुळाचा पाक केला, लाडू वळताना बोटांना चटके बसले तर म्हणाली, बरंय, शेकली जातायत. ओट्यावरची ती जागा ती पूर्वीसारखीच पुसायची, फक्त जरा जास्त वेळ.

करायचं काय होतं ते मला कळत होतं. कुणीतरी जाऊन त्या लोकांना विचारायला हवं होतं. आई जाणार नाही, कारण मागण्यासारखी ती गोष्टच नाही. बाबा जाणार नाहीत, कारण गेले तर घरात ऊन नाही हे कबूल केल्यासारखं होईल. उरले मी. आणि मी म्हणजे लिफ्टमध्ये कुणी असेल तर जिन्याने जाणारी.

आधी मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज लिहिला. समोरच्या टॉवरमध्ये दहाव्या मजल्यावर जे कुणी राहतं त्यांनी कृपया आपलं दार. पुढे काय लिहायचं? अर्धवट उघडं ठेवावं, कारण माझी आई. मी तो पुसून टाकला. मग वाक्य तिन्ही भाषांत जुळवून पाहिलं. इंग्रजीत ते तक्रारीसारखं वाटत होतं, हिंदीत वेडेपणासारखं. मराठीत ते ठीक वाटत होतं, पण मराठी त्यांना येत नसणार.

संक्रांतीच्या दिवशी मी स्टीलचा छोटा डबा काढला आणि त्यात तिळाचे लाडू भरले.

"कुणाकडे चाललीस?" आईने विचारलं.

"समोर."

"समोर कोण आहे आपलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

समोरच्या टॉवरच्या गार्डने रजिस्टर पुढे केलं. "किससे मिलना है, मैडम?"

"टेंथ फ्लोर."

"नाम?"

"नाम नहीं पता."

"काम?"

मी उत्तर जुळवलं नव्हतं. मी डब्याचं झाकण उघडलं आणि त्याला एक लाडू दिला. त्याने तो तोंडात टाकला, थोडा वेळ त्याच्याशी दातांनी झुंजला आणि इकडच्या तिळाच्या वडीचं, गजकचं, नाव घेत म्हणाला, "लोहे की गजक है. जाइए."

दहाव्या मजल्यावर मी आधी मनातल्या मनात बाल्कन्या मोजल्या आणि मग बेल दाबली. साखळी लावलेलं दार बोटभर उघडलं. आतून एक बाई बघत होत्या. पांढरे केस, साडीवर स्वेटर, पायात लोकरीचे मोजे.

"कूरियर?"

"नहीं आंटी. मैं सामने वाले टावर से."

"पानी टपक रहा है?" त्यांनी थकल्या आवाजात विचारलं. इथे माणूस माणसाच्या दारात फक्त तक्रार घेऊन येतो.

"नहीं, नहीं. वो, आपका बालकनी का दरवाज़ा..."

"आवाज़ करता है?"

"नहीं आंटी," मी म्हटलं, "उससे धूप आती है."

त्यांनी साखळी काढली. मला वाटतं, माझ्याकडे नीट बघायला.

त्यांच्या घरात ऊन होतं. मी उंबऱ्यात उभी होते आणि माझ्या पायांवर ऊन होतं. सोफ्यावर, टीव्हीवर, जमिनीवर पसरलेल्या पेपरांवर, सगळीकडे. एक गृहस्थ खुर्चीत उन्हात झोपले होते, मफलर तोंडावर. कोपऱ्यात एक पांढरं यंत्र घरघरत होतं.

मी सगळं सांगितलं. आईची बोटं, ओटा, काच. एका दमात, त्यांच्याकडे न बघता, त्या यंत्राकडे बघून. माझं संपल्यावर त्या त्यांच्या तमिळ वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "वो मशीन बेटा भेजा है. हवा साफ़ करता है. दरवाज़ा खोलो तो लाल, बंद करो तो हरा. अंकल को साँस का तकलीफ़ है ना, इसलिए बंद किया."

मी लगेच म्हटलं, नाही नाही, उघडू नका, बंदच ठेवा. मागायला आले होते ते मागताच येईना. एका माणसाचा श्वास आणि एका माणसाची बोटं, आणि मध्ये एक दार. मी डबा पुढे केला आणि निघायला लागले.

"रुको. मम्मी का धूप मैंने बंद किया? आठ दिन से?" त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. त्या हसत होत्या. "और तुम्हारे पापा नीचे टोपी पहन के ऊपर देखता है? वो? हम सोचा, कबूतर गिनता है."

खुर्चीतले अंकल मफलरच्या आतून हसले. ते जागेच होते.

"लेकिन बेटा," त्या म्हणाल्या, "शीशे का धूप क्या करेगी मम्मी? यहाँ भेजो. बालकनी में कुर्सी है, पूरा धूप है. मैं पीछे से दरवाज़ा बंद कर दूँगी. अंकल अंदर, हम दोनों बाहर."

किती दिवस मी काचेचा कोन, दाराची उघडझाप, विनंतीची वाक्यं यांचा विचार करत होते. त्या काचेमागे कुणी माणूस असेल आणि तो म्हणेल, या, बसा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आईच्या नाही, बाबांच्याही नाही. लक्ष्मीबाई नगरात असतो तर पहिलं तेच सुचलं असतं.

"हम भी क्वार्टर वाले हैं," त्या म्हणाल्या. "पूरी नौकरी आर. के. पुरम में निकाली." त्यांनी डबा आत नेला आणि परत आणला तेव्हा त्यात मुरुक्कू होते, म्हणजे चकल्याच. डबा रिकामा परत करत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

घरी येऊन मी सांगितलं. बाबा पेपर खाली ठेवून ऐकत होते. आईने चकली मोडून खाल्ली, चांगली आहे म्हणाली, आणि मग मान हलवली.

"नाही गं. रोज उठून कुणाच्या घरी जाऊन बसायचं?"

"त्याच म्हणाल्या."

"त्यांचा चांगुलपणा. पण मी त्यांना परत काय देणार? विरजण असतं तर दिलं असतं. ऊन कुठून परत करू मी? या घरातून?"

'या घरातून' हे तिच्या तोंडून निघून गेलं. तिने लगेच बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाबा टेबलावरच्या चकलीच्या तुकड्याकडे बघत होते. मला वाटलं आता ते उठतील आणि पाणी प्यायला जातील.

"मे महिन्यात त्यांचं घर तापेल," बाबा म्हणाले.

"दहावा मजला, दक्षिणेला तोंड. मी बघितलाय तसला फ्लॅट. दारात उभं राहवत नाही. त्यात लाईट गेली की झालंच." बाबांनी घसा साफ केला. "त्यांना म्हणावं, मे-जून आमच्याकडे या. दुपारभर. सावली परत करता येईल आपल्याला. भरपूर आहे."

आई उठली, आत गेली, साडी बदलून आली. काळी साडी, संक्रांतीची, जी ती या वर्षी नेसणार नव्हती. तिने दुसऱ्या डब्यात लाडू भरले.

"तिळगूळ पोरीच्या हाती पाठवतात का कुठे?" ती म्हणाली. "चला, तुम्ही पण चला. तुम्हाला बघायचंय त्यांना. कबूतरवाले."

दोघं गेली. मी बाल्कनीत उभी राहिले. थोड्या वेळाने दहाव्या मजल्यावर एक काळी साडी दिसली, तिच्या बाजूला एक स्वेटर. आईने खाली माझ्याकडे बघून हात हलवला. त्या हातावर ऊन होतं.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "तिकिटाचं काय करायचं?"

"राहू द्या. बहीण वाट बघतेय, आठवडाभर जाऊन येते." आईने त्यांच्या पानात भाकरी वाढली. "येतानाचंही काढा."

बाबांनी जेवण होईपर्यंतही धीर धरला नाही. उष्ट्या हाताने मोबाईल धरता येईना, म्हणून मला म्हणाले, "काढ गं लवकर. धुक्यात गाड्या रद्द होतात, उरलेल्या लगेच भरतात."

मे महिना आला तेव्हा त्यांनी शब्द पाळला आणि आम्हीही. दुपारी बेल वाजायची, दारात आंटी आणि अंकल, हातात आपापली उशी. सगळ्या सोसायटीचे एसी एकदम चालू झाले की आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर दम टाकतो, आणि मग दहाव्या मजल्यावर भाजणीच होते. बाबा दार उघडायला स्वतः जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी अंकलना आत घेतलं, भिंतीपाशी नेलं आणि म्हणाले, "हाथ लगाके देखिए."

अंकलनी हात लावला. मग दुसरा हात लावला. मग गाल लावला आणि डोळे मिटले. बाबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी त्यांच्या निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं.

आई आणि आंटी जमिनीवर चटई टाकून बसायच्या. आईची बोटं आता चालत होती. ती पन्ह्यासाठी कैऱ्या किसत होती. आंटींनी त्या दिवशी एक बातमी आणली होती. त्यांच्या बाल्कनीतून दिसते ती फट, जिच्यातून थंडीत ऊन येतं, तिच्यात क्रेन लागली होती. नवा टॉवर उभा राहत होता.

आईचा हात थांबला. "कितने माले हो गए?"

"अभी चार."

आईने हिशोब केला. "दसवें तक आते-आते दो सर्दी तो निकल जाएँगी."

"दो तो पक्का," आंटी म्हणाल्या.

"उसके बाद?" बाबांनी विचारलं. अंकलनी डोळे न उघडताच खांदे उडवले.

"उसके बाद क्या? और ऊपर कोई रहता होगा ना," आंटी म्हणाल्या. "पंद्रहवें पे, अठारहवें पे. उनको भी तो गर्मी लगती है." मग त्या माझ्याकडे वळल्या. मी टेबलावर लॅपटॉपच्या मागे होते, नेहमीसारखी, ऐकत. "ये जाएगी पूछने. इसको आता है."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि अंकलनीही एक डोळा उघडला. मी लॅपटॉपकडे बघितलं. पण वाक्य जुळवायला मी तेव्हाच सुरुवात केली होती.